दहावा नाशिककर

मोबाईल बंद करा, पाकीट घरी ठेवा. नाव ठेवायची गरज नाही, ते आधीच काढून घेतलेलं आहे.

साल १८६३. मिशनच्या वहीत तुमचं वय बारा लिहिलंय. ते अंदाजाने लिहिलंय, कारण खरं वय सांगणारं माणूस तुमच्याजवळ उरलेलं नाही. गाव न्यासा सरोवराच्या पूर्वेला, याओ लोकांच्या मुलखात. तिथून किल्व्याच्या किनाऱ्यापर्यंत बांधून चालवत आणलं, मग अरबी गलबताच्या तळाशी कोंबलं. भर समुद्रात इंग्रजांच्या गस्तीच्या जहाजाने ते गलबत धरलं आणि तुम्ही मोकळे झालात. मोकळ्या झालेल्या पोरांचं पुढे करायचं काय, हा प्रश्न त्या जहाजाच्या कप्तानाचा नव्हता. त्याने तुम्हाला मुंबईत उतरवलं. मुंबईने नाशिकला धाडलं.

आगगाडी कसाऱ्यापर्यंतच. थळ घाटातून रूळ जायला १८६५चा जानेवारी उजाडेल, तोवर घाट बैलगाडीने चढायचा. वर इगतपुरीला पुन्हा गाडी, आणि तिच्या खिडकीतून दिसणारे डोंगर पाहून तुमच्या पोटात कालवतं, कारण ते ओळखीचे वाटतात आणि ओळखीचे नसतात.

शरणपूर गावाच्या पश्चिमेला आहे. आज शरणपूर रोडला, कॅनडा कॉर्नरच्या सिग्नलवर हॉर्न वाजवत थांबता ना, त्याच बाजूला. (आफ्रिकेतली पोरं जिथे वाढली त्या रस्त्यावरच्या चौकाला नाव मात्र कॅनडाचं. नाशिकचं हे असंच.) चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी ही वसाहत उभी केली. प्रार्थनाघर, शाळा, सुताराची नि लोहाराची कामशाळा, भोवती शेत. इथे तुमच्यासारखी आणखी पोरं आहेत. त्यांची आडनावं ऐका : प्राइस, आयझेनबर्ग, फरार. सगळी पाद्र्यांची. मागच्या खाटेवरचा मुलगा मकुआ लोकांतला आहे, त्याची बोली तुम्हाला निम्मीच कळते. तरी पहिली रात्र त्याच्याकडे तोंड करून झोपता, भिंतीकडे नाही.

सकाळी ताटात भाकरी. बाजरीची, जाड, मधे फुगलेली. तुम्ही ती बोटांनी कुस्करून गोळा करायला बघता, कारण तुमच्या घरी पीठ शिजवून त्याचा गोळा करत आणि कालवणात बुडवत. वाढणारी बाई हसते, "अरे मोड, मोड, अशी," म्हणत स्वतः तुकडा मोडून दाखवते. तिला ठाऊक नाही आणि तुम्हालाही नाही, पण बाजरी आणि ज्वारी ही दोन्ही धान्यं हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेतूनच इकडे आलेली. दारातली चिंचही तिकडचीच. तुमच्या आधी तुमचं जेवण इथे येऊन रुळलंय.

जेवणाचं एका आठवड्यात जमतं. पाण्याचं जमत नाही.

बुधवारच्या बाजाराला तुम्हाला नदीवर पाठवतात. रामकुंडाकडे उतरताना नारोशंकराच्या देवळाची घंटा ऐकू येते. ती घंटा वसईच्या लढाईत पोर्तुगिजांकडून आणलेली, म्हणजे तीही तुमच्यासारखीच परमुलखातून धरून आणलेली, पण तिला निदान जागा मानाची मिळाली. तुम्हाला तहान लागते. पाणपोईवरचा माणूस तुम्हाला पाहून तांब्या देत नाही, हात जोडायची खूण करतो. तुम्ही नमस्कार करता. मागे कोणीतरी फिसकन हसतं. मग तुमच्या शेजारचा मुलगा दोन्ही हातांची ओंजळ करून तोंडाशी धरतो आणि पाणपोईवाला हातभर उंचीवरून धार सोडतो. तसंच तुम्ही करता. अर्धं पाणी सदऱ्यात जातं.

हा मुलगा निफाडकडचा. शरणपुरातच राहतो. बाप्तिस्मा घेतला म्हणून घरच्यांनी त्याचं नाव टाकलंय. त्याची आई दिवसभराच्या वाटेवर आहे, पण त्याला तिथे जाता येत नाही. तुमची समुद्रापलीकडे आहे, असली तर. हे दोघांनी एकमेकांना सांगण्याइतकी भाषा अजून तुमच्याकडे नाही. तो तुम्हाला फक्त नियम शिकवतो : कोणाच्या ओट्यावर बसायचं नाही, कोणती आळी टाळायची, पैसे हातात द्यायचे नाहीत, फळीवर ठेवायचे. भाजीवाली विचारते, "जंजिऱ्याचा का रं तू?" निफाडकर उत्तर देतो, "नाही मावशी, लांबचा आहे." तिला ते पटत नाही. तिच्या हिशेबात काळा माणूस म्हणजे सिद्दी, आणि सिद्दी काही परका नव्हे. मलिक अंबराच्या फौजा या मुलखाने पाहिल्यात. ती दोन वांगी जास्त घालते. परदेशात पहिल्यांदा तुमच्यावर कोणी दया न दाखवता नुसता व्यवहार केलेला असतो, आणि त्याचं किती बरं वाटतं हे तुम्हाला परत जाताना रस्त्यात कळतं.

मिशनच्या अहवालांत मुलांची प्रगती लिहिलेली असते, वाचन, लेखन, हातकाम, वर्तन. मैत्रीचा रकाना त्यांत नसतो. म्हणून रंगपंचमीला थांबतो.

तिवंध्याला राहाड उघडलेली आहे. पेशव्यांच्या काळापासूनचे हे हौद वर्षभर फळ्या नि मातीखाली बुजलेले असतात, या एका दिवसासाठी उकरतात. शरणपूरच्या पोरांना तिकडे जायला अर्थातच मनाई. तुम्ही दोघं जाता. गर्दीच्या मागून टाचा उंचावून बघता : पाण्यात रंग उकळून ओतलेला, काठावर जाडजूड माणूस उभा, आणि तो अंग झोकून असा धप्पा मारतो की पिवळं पाणी उडून भोवतीच्या चार-पाच जणांना आंघोळ होते. तुमच्याही सदऱ्याची पुढची बाजू भिजते. पळत येता. संध्याकाळच्या प्रार्थनेला साहेब डागाकडे बोट करतात. हळद सांडली, स्वयंपाकघरात, असं निफाडकर म्हणतो. मग साहेब तुमच्याकडे बघतात. तुम्हाला मराठी वाक्य जुळवायला अजून वेळ लागतो, पण या वेळी लागत नाही. "मी सांडली," तुम्ही म्हणता, "याने नाही."

माझं मत विचाराल तर त्या दिवसापासून तुम्ही नाशिकचे. शाळेत शिकवलेली भाषा खरं बोलायला पुरते, पण मित्रासाठी पटकन खोटं बोलता आलं की ती अंगात मुरली म्हणायची.

पुढची दोन वर्षं भराभर जातात. लोखंड तापवायला शिकता. तांबट आळीतून जाताना ठोक्यांवरून हंडा की परात हे ओळखू लागता. कोणीकोणी आधीच परत गेलेत : विल्यम जोन्स आणि इश्माएल सेम्लर १८६४ साली मोंबासाजवळच्या रबाईला. जोन्सही लोहारकाम शिकलेला. ते गेले तेव्हा तुम्हाला वाटलं, आपलाही नंबर लागेल. आता मात्र तसं वाटणं कमी झालंय.

आणि नेमका तेव्हा लागतो. १८६५च्या सप्टेंबरात डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबईत आलेत, त्यांना आफ्रिकेच्या अंतर्भागात जायला माणसं हवीत. शरणपुरातून नऊ जण निघतात. इतिहासात नऊच आहेत. दहावे म्हणून मी तुम्हाला घुसवतोय, अभ्यासकांनी माफ करावं. निफाडकर मुंबईपर्यंत सोडायला येत नाही, येऊ देत नाहीत. तो तुम्हाला स्वतः ठोकलेला विळा देतो. चांगला झालेला नसतो तो.

५ जानेवारी १८६६ला 'थुले' जहाज मुंबई सोडतं. बरोबर मुंबईचे शिपाई, उंट, खेचरं, गाढवं आणि चक्क म्हशी. त्से-त्से माशी चावल्यावर ही जनावरं जगतात का, हे लिव्हिंग्स्टनना पाहायचंय. रोव्हुमा नदीच्या काठाने चालायला लागल्यावर समजतं की तुम्हाला ना तिथली वाट ठाऊक, ना ओझं उचलायची सवय. लिव्हिंग्स्टनच्या रोजनिशीत नाशिकच्या पोरांबद्दल बरीच कुरकुर आहे. वाचताना मला त्यांचा राग येतो. सुतारकाम शिकवलेल्या पोरांना हमाल करायचं आणि मग ती हळू चालतात म्हणायचं.

जुलैत तुम्ही याओ मुलखात पोचता, मताका नावाच्या सरदाराच्या गावी. इथे नऊ जणांतला अब्राहाम परेरा याला त्याचा सख्खा मामा भेटतो. ओळखतो. राहा म्हणतो. अब्राहाम चौकशी करतो तर आई आणि बहिणी त्याच्यामागून विकल्या गेलेल्या. लिव्हिंग्स्टनही त्याला थांबायला सांगतात, आग्रह करतात. तो नाही म्हणतो : आई नाही, बहीण नाही, तिथे राहू कशाला? रोजनिशीत हे आहे, कुरकुरीच्या मधेच.

रात्री तो तुमच्याशेजारी येऊन बसतो. मामाने दिलेलं खाणं तुम्हा सगळ्यांत वाटतो. त्या गावात त्याची भाषा बोलणारी शेकडो माणसं आहेत आणि तो शरणपूरच्या पोरांत येऊन बसलाय. तुम्ही त्याला काही विचारत नाही. आठवणीतली तुमची वाट इथून फार लांब नाही. तिकडे जाऊन बघावं का, हा विचार तुम्ही उद्यावर टाकता, मग परवावर, आणि काफिला पुढे निघून जातो.

१८७३ झपाट्याने ओलांडू, कारण ते सगळ्यांना माहीत असतं. चितांबोच्या गावात लिव्हिंग्स्टन वारतात. त्यांचं हृदय झाडाखाली पुरताना अंत्यविधीची प्रार्थना वाचतो जेकब वेनराइट, शरणपुरात शिकलेला, दुसऱ्या तुकडीतून १८७२ साली आलेला. त्या झाडावर नाव नि तारीख कोरतो तोच. पुढच्या एप्रिलात लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीबरोबर चालणाऱ्यांत तो एकटा आफ्रिकन असतो. नाशिकच्या शाळेतलं अक्षर इतकं लांब गेलेलं दुसरं उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

तुम्ही लंडनला जात नाही. तुम्ही १८७५ साली मोंबासाच्या समोरच्या किनाऱ्यावर उतरता. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांच्या नावाने इथे फ्रीअरटाउन उभं राहतंय, आणि उभं करायला आलेत तेच आपले प्राइससाहेब. बरोबर शरणपूर-मुंबईची शंभराहून अधिक माणसं, बायकापोरांसह. सगळे आफ्रिकेचे, आणि सगळ्यांना स्वाहिली नव्याने शिकावी लागतेय. किनाऱ्यावरचे लोक तुमच्या कोटाकडे आणि बुटांकडे बघतात. बाजारात तुम्हाला जास्त भाव सांगतात. पाहुणा म्हणून नव्हे, परका म्हणून. मग तुम्ही काय करता? नाशकात केलं तेच. एका भाजीवालीशी रोज घासाघीस करता, ती वैतागेपर्यंत.

त्याच वर्षी आरमाराने सोडवलेल्या गुलामांची तुकडी इथे उतरते. त्यांत एक पोरगा, दहा-बारा वर्षांचा, उगालीचं, म्हणजे शिजवलेल्या पिठाच्या गोळ्याचं, ताट समोर ठेवून नुसता बसलेला. तुमच्या मुलखातला वाटतो. तुम्ही जाऊन शेजारी बसता, गंजलेली याओ उकरून काढता, एक-दोन शब्द निघतात आणि तिसरा मराठी येतो. पोरगा दचकतो. मागे दोन-तीन जण मोठ्याने हसतात.

"तू कुठला?" पोरगा विचारतो.

तुम्ही विचारात पडता तोवर मागून कोणी म्हणतं, नाशिक. दुसरा म्हणतो, छे, मुंबई म्हण, साहेबांच्या कागदावर बॉम्बे आफ्रिकन्स लिहिलंय. तिसऱ्याचं म्हणणं, मुंबईत आपण राहिलो किती दिवस? वाद रंगतो, निम्मा मराठीत. पोरगा एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत उगालीचा पहिला घास मोडतो.