मस्टराबाहेरची कपात

कामगारकपातीचा इतिहास आपल्याकडे लिहिला जातो तो मालकाच्या मस्टरवरून, नाहीतर युनियनच्या दप्तरावरून. या दोन्ही ठिकाणी जातीचा रकाना नसतो. मुंबई इलाख्यात दलितांचा रोजगार केव्हा व कसा तुटला याचा माग काढताना मला दिसते ते असे : कुऱ्हाड कोणावर पडणार हे पुष्कळदा भरतीच्या दिवशीच ठरलेले असते.

पहिली मोठी घटना गिरणीतली नव्हे, लष्करातली. 'लढाऊ जाती'चा सिद्धान्त पुढे करून इंग्रज सरकारने १८९२ च्या सुमारास महारांची सैन्यभरती बंद केली. नोकरी गेली, पेन्शन गेले, पलटणीतल्या शाळेची वाट गेली. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली याविरुद्ध विनंतीअर्ज तयार केला. कामगार चळवळीच्या इतिहासात या अर्जाची नोंद क्वचितच होते. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली महार पलटण उभी राहिली आणि १९२१ साली ती मोडलीही गेली.

गिरण्यांत साचाखाते, म्हणजे विणकाम खाते, अधिक मजुरीचे. कांडीचे सूत तोंडाने ओढून धोट्याच्या छिद्रातून काढावे लागे. विटाळाच्या सबबीवर दलित कामगाराला तेथे मज्जाव होता; त्याच्या वाट्याला कमी पगाराचे रिंग खाते. १९२८ साली मालकांनी एका विणकराकडे दोनऐवजी तीन साचे देण्याचा घाट घातला. हजारोंची कपात समोर दिसताच दीड लाखाच्या आसपास कामगार सुमारे सहा महिने संपावर राहिले. त्या वेळी बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे साचाखात्यातील बंदीचा प्रश्न ठेवला. अनेकांना तो फुटीचा वाटला. माझ्या मते तो एकजुटीचाच प्रश्न होता. ज्या कामाला हात लावू दिला जात नाही, ते काम वाचविण्यासाठी दलिताने उपाशी राहायचे, तर त्या कामावर त्याचाही हक्क मान्य व्हायला हवा होता.

स्वातंत्र्यानंतर कायदा आला. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली ले-ऑफ आणि कपातीच्या भरपाईची कलमे घातली गेली. पण वर्षभराची सलग नोकरी न भरलेला बदली कामगार ले-ऑफच्या भरपाईतून वगळला गेला. कपातीचा नियम ठरला : त्या वर्गात जो शेवटी लागला तो आधी जाईल. वरवर हा नियम निःपक्षपाती दिसतो. परंतु अस्पृश्यतेमुळे ज्याला खात्याचे दार उशिरा उघडले, तो शेवटी लागणारच, आणि म्हणून आधी जाणारच. स्वेच्छानिवृत्ती तर त्या कायद्याच्या व्याख्येप्रमाणे कपातच नव्हती. १९८४ च्या दुरुस्तीने मुदत संपलेला करार पुन्हा न करणे हेही कपातीतून वगळले.

हे का सांगतो? १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप औपचारिकपणे कधीच मागे घेतला गेला नाही आणि जवळपास लाखभर कामगारांना गिरणीचे दार पुन्हा उघडले नाही. काम भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या गावांकडे सरकले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकण्याची वाट मोकळी केली. मग 'स्वेच्छेने' निवृत्त होणाऱ्यांच्या रांगा लागल्या. जगण्याचा दुसरा मार्ग नसलेल्या माणसाची ही कसली स्वेच्छा? यांतला बदलीवाला किंवा कंत्राटी सफाईवाला कपातीच्या कोणत्या यादीत सापडेल?

म्हणून माझी कार्यकर्त्यांना, शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना विनंती आहे. आपापल्या वस्तीत वही घेऊन बसा. आजोबा, वडील, आई कोणत्या खात्यात होते, कायम की बदली, काम कोणत्या साली आणि कोणत्या नावाखाली सुटले, हे विचारा आणि लिहून ठेवा. जातीचा रकाना आपणच आखा. कपातीविरुद्धच्या पुढच्या लढ्यात मागण्यांचा मसुदा होईल, तेव्हा ही वही टेबलावर असली पाहिजे.