आगीचा बंब आणि आपली मुले



काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. बारावी उत्तीर्ण झालेला माझा एक माजी विद्यार्थी वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन मला भेटायला आला. मुंबई महानगरपालिकेच्या अग्निशमन दलात भरती निघाली होती. मुलगा उंचापुरा, धावण्यात तरबेज, अभ्यासात मध्यम. त्याची फार इच्छा होती. परंतु त्याच्याबरोबर आलेले वडील मला म्हणाले, "सर, लोकांच्या आगी विझवायला का मी ह्याला शिकवलं?" मला त्या वेळी नीट उत्तर सुचले नाही. नोकरी पक्की आहे, पगार बरा आहे, असे काहीतरी मी बोललो. त्यांचे समाधान झाले नाही. भरतीची तारीख निघून गेली आणि मुलगा एका दुकानात हिशेब लिहायला लागला.

मी इतिहास शिकवतो. त्या वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर इतिहासातच होते, आणि ते मला वेळेवर देता आले नाही, ही खंत माझ्या मनातून गेलेली नाही. म्हणून या लेखात ते उत्तर आपल्यासमोर ठेवीत आहे.

दल नव्हते तेव्हा

मुंबई शहर एकेकाळी किल्ल्याच्या तटबंदीत दाटीवाटीने वसलेले होते. आज आपण ज्याला फोर्ट म्हणतो, तोच हा भाग. घरांत लाकूडकाम भरपूर, रस्ते अरुंद, आणि पाणी विहिरींचे व तलावांचे. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी या वस्तीत आग लागली आणि पाहता पाहता बाजाराचा मोठा भाग भस्मसात झाला. विझविण्याचे साधन असे काहीच नव्हते. शेवटी आगीच्या वाटेवरची घरे तोफा डागून पाडली, तेव्हा कुठे पुढचा भाग वाचला. विचार करा, आग थांबविण्यासाठी उभी घरे पाडावी लागली!

त्या आगीनंतर किल्ल्यातील रस्ते रुंद करण्याचा विचार झाला आणि लोकांना तटाबाहेर वस्ती करण्यास उत्तेजन देण्यात आले. मांडवी, डोंगरी, भुलेश्वर या बाजूंची वस्ती त्यानंतर झपाट्याने वाढली. म्हणजे आपल्यापैकी पुष्कळांचे आजोबा-पणजोबा ज्या मोहल्ल्यांत राहिले, त्यांच्या वाढीमागे एका आगीचाही हात आहे. दुर्दैव असे की, ज्या अरुंद गल्ल्यांमुळे किल्ला जळला, तशाच अरुंद गल्ल्या बाहेरही तयार झाल्या. हा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण पुढे तो पुन्हा येणार आहे.

पोलिसांकडून नगरपालिकेकडे

१८५५ मध्ये मुंबईत आग विझविण्याचे काम पोलिसांकडे एक जोडकाम म्हणून देण्यात आले. बंब घोडे ओढीत. पोलिसाने चोर पकडावा आणि आग लागली की बंबामागे धावावे, अशी ती व्यवस्था होती. तथापि बंब नुसता पोचून भागत नाही, त्याला पाणी लागते. १८६० च्या सुमारास विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आले, १८७९ मध्ये तुळशीचे आणि १८९२ मध्ये तानसाचे आले. नळ आले तेव्हाच रस्त्यावरच्या हायड्रंटला होजपाईप जोडून पाणी मारणे शक्य झाले. शहराचे पाणी आणि शहराची अग्निसुरक्षा ही अशी एकमेकांशी बांधलेली आहेत.

१८८७ मध्ये दलाची नव्याने बांधणी झाली आणि १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्याने आगीपासून नागरिकांच्या जीविताचे व मालमत्तेचे रक्षण करणे ही नगरपालिकेची जबाबदारी ठरली. येथे विद्यार्थ्यांनी थोडे थांबावे. या कायद्यामुळे आग विझविणे ही कोणाची मेहेरबानी राहिली नाही. आपण कर भरतो, आपण नगरसेवक निवडतो, आणि बंब हा आपल्याच महापालिकेचा असतो. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जी बारावी अनुसूची घटनेत आली, तिच्यातही नगरपालिकांच्या कामांत अग्निशमन सेवेचा उल्लेख आहे.

पुढे घोड्यांच्या जागी मोटारी आल्या. पहिला मोटारबंब १९०७ मध्ये आला. भायखळ्याला दलाचे मुख्य ठाणे झाले आणि ते आजही तेथेच आहे. प्रमुखपदी दीर्घकाळ इंग्रज अधिकारी असत. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये एम. जी. प्रधान हे पहिले भारतीय प्रमुख झाले.

१४ एप्रिल १९४४

दुसरे महायुद्ध चालू होते. 'फोर्ट स्टिकीन' नावाचे जहाज १२ एप्रिल रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागले. त्यात सुमारे १४०० टन स्फोटके होती, सोन्याच्या लगडी होत्या, आणि वाटेत कराचीला भरलेल्या कापसाच्या हजारो गाठीही होत्या. कापूस आणि दारूगोळा एका जहाजात! स्फोटके असल्याची खूण म्हणून जहाजावर जे लाल निशाण लावायचे असते, तेही लावलेले नव्हते.

१४ एप्रिलला दुपारी दोनच्या सुमारास कापसातून धूर येताना दिसला. अग्निशमन दलाचे जवान आले आणि त्यांनी पाणी मारण्यास सुरुवात केली. जहाज समुद्रात न्यावे की तेथेच बुडवावे, याचा निर्णय अधिकाऱ्यांकडून वेळेवर झाला नाही. आत ओतलेल्या पाण्यावर जळता कापूस तरंगून वर वर, स्फोटकांकडे सरकत होता. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि सुमारे अर्ध्या तासाने दुसरा. शेजारची जहाजे बुडाली, 'जलपद्म' नावाचे जहाज तर उचलले जाऊन धक्क्यावर पडले. पेटता कापूस आणि तापलेले लोखंड मांडवी, मस्जिद बंदर, दाणाबंदर या भागांवर कोसळले. धक्का एवढा मोठा होता की त्याची नोंद दूर सिमल्याच्या भूकंपमापकावर झाली. मृतांचा आकडा आठशेपासून तेराशेपर्यंत सांगितला जातो.

त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जण होते. दोन तास ते जहाजावर व धक्क्यावर उभे राहून पाणी मारीत होते. इतरांना पळता आले, परंतु यांना हातातला पाईप सोडून जायचे नव्हते. त्यांचे स्मारक भायखळ्याच्या मुख्यालयात आहे. १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो आणि त्या दिवसापासून सप्ताहभर जनजागृतीचे कार्यक्रम होतात. आपल्या शाळांनी या सप्ताहात विद्यार्थ्यांना एखाद्या अग्निशमन केंद्राची भेट घडवून आणावी, अशी माझी नम्र सूचना आहे.

आपल्या गल्लीतील काम

आज मुंबईत तिसाहून अधिक अग्निशमन केंद्रे आहेत. १०१ क्रमांक फिरविला की फोन उचलणारा आपले नाव विचारण्याआधी ठिकाण विचारतो. दलाचे काम आता आगीपुरते राहिलेले नाही. बंद पडलेल्या लिफ्टमधून माणसे सोडविणे, कोसळलेली झाडे हटविणे, समुद्रात अगर नाल्यात बुडालेल्यांचा शोध घेणे, वायुगळती थांबविणे, पतंगाच्या मांज्यात अडकलेला पक्षी सोडविणे, ही सारी कामे हेच जवान करतात.

३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातील पाकमोडिया स्ट्रीटवर हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ माणसे गेली. १६ जुलै २०१९ रोजी डोंगरीत केसरबाई इमारतीचा भाग कोसळला. तेथे गल्ली इतकी अरुंद की मोठी यंत्रे आत जाईनात. तेव्हा जवान आणि मोहल्ल्यातील तरुण एका रांगेत उभे राहिले आणि दगड-विटा हातोहात बाहेर देत गेले. १८०३ च्या किल्ल्यातील अरुंद गल्लीचा मुद्दा तो हाच.

९ मे २०१५ रोजी काळबादेवीच्या 'गोकुळ निवास' या जुन्या इमारतीला आग लागली. रहिवासी सुखरूप बाहेर निघाले. मात्र जळत्या इमारतीचा भाग कोसळला आणि दलाचे चार अधिकारी त्यात सापडले. प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर, उपप्रमुख सुधीर अमीन, तसेच संजय राणे आणि महेंद्र देसाई या चौघांचेही प्राण गेले, दोघांचे घटनास्थळीच आणि दोघांचे रुग्णालयात. दलाचा सर्वांत मोठा अधिकारी कचेरीत बसून हुकूम देत नव्हता, तो जवानांबरोबर आगीपाशी उभा होता. अशी खाती किती असतील, याचा आपणच विचार करावा.

भरती कशी होते

आता विद्यार्थ्यांनी नीट वाचावे. अग्निशामक या पदासाठी मुंबईत २०२३ साली जी मोठी भरती झाली, तिच्यात बारावी उत्तीर्ण उमेदवार घेतले गेले. उंचीची अट पुरुषांसाठी १७२ सेंटीमीटर व स्त्रियांसाठी १६२ सेंटीमीटर अशी होती. मैदानी चाचणीत ८०० मीटर धावणे, १९ फुटांवरून खाली धरलेल्या जंपिंग शीटमध्ये उडी मारणे, दोराने वर चढणे, आणि माणसाच्या आकाराचा ५० किलोचा पुतळा खांद्यावर घेऊन धावणे, असे प्रकार होते. यांतील एकही प्रकार शोभेचा नाही. शिडीवरून बेशुद्ध माणूस खांद्यावर घेऊन उतरावे लागते, म्हणून तो पुतळा.

आणखी एक गोष्ट अगत्याची. महापालिकेच्या नोकरीसाठी मराठी यावे लागते, दहावीला मराठी विषय असावा लागतो. हे विद्यार्थ्यांना नियम म्हणून जाचक वाटू शकते. परंतु धुराने भरलेल्या खोलीत अडकलेल्या म्हातारीला धीर द्यायचा तर तिची भाषा नको का? उर्दू माध्यमाच्या मुलांना माझे सांगणे आहे की मराठीचा तास चुकवू नका.

भरतीची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. सांताक्रुझच्या विद्यानगरीत राज्याचे अग्निशमन प्रशिक्षण केंद्र आहे. तेथे अग्निशामकाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम चालतो. नागपूरला केंद्र सरकारचे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. १९५६ साली ते रामपूर येथे सुरू झाले आणि १९५७ मध्ये नागपूरला आले. याच महाविद्यालयात २००२ साली नागपूरच्या हर्षिनी कान्हेकर यांनी प्रवेश घेतला आणि तेथून बाहेर पडलेली देशातील पहिली महिला अग्निशमन अभियंता होण्याचा मान मिळविला. तोपर्यंत तेथे एकही मुलगी नव्हती. मुलींच्या पालकांनी याची नोंद घ्यावी. रुग्णालये, कारखाने, विमानतळ, उंच इमारती, सर्वत्र आज या विद्येची गरज आहे.

आपले कर्तव्य

जवान शूर असला तरी गल्लीच्या तोंडाशी उभ्या केलेल्या मोटारसायकली त्याला उचलून नेता येत नाहीत. तेव्हा प्रत्येक घराने काही गोष्टी पाळाव्यात. जिन्यात सामान ठेवू नये. गच्चीच्या दाराची किल्ली हाताशी असावी. खिडकीच्या लोखंडी जाळीला आतून उघडणारी एक झडप अवश्य ठेवावी. आगीत जळण्यापेक्षा धुराने गुदमरून जाणारी माणसे अधिक असतात, म्हणून धुरातून जाताना तोंडाला ओले फडके लावून जमिनीलगत सरपटावे. लिफ्ट वापरू नये. फोनवर इमारतीचे नाव, जवळची खूण आणि आत कोणी अडकले आहे काय, एवढे शांतपणे सांगावे आणि एका माणसाने नाक्यावर उभे राहून बंबाला वाट दाखवावी. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे इमारतीतील अग्निसुरक्षेची साधने चालू स्थितीत असल्याचा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावा लागतो. आपल्या इमारतीचा दाखला दिला जातो काय, हे सभेत विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

आता त्या वडिलांकडे वळतो. "लोकांच्या आगी विझवायला का मी ह्याला शिकवलं?" असे त्यांनी विचारले होते. ते आज भेटले तर मी म्हणेन, "भाईसाहेब, १९४४ मध्ये जी आग मांडवीवर आणि मस्जिद बंदरावर कोसळली, तिच्यापुढे दोन तास उभे राहिले तेही कोणाचे तरी मुलगेच होते. त्यांच्या वडिलांनीही त्यांना शिकवले होते. आपल्या मोहल्ल्यात बंब यावा असे आपल्याला वाटते, मग त्या बंबावर आपलाही मुलगा असावा, असे का वाटू नये?"

त्या मुलाचे वय आता भरतीच्या मर्यादेबाहेर गेले आहे. परंतु त्याचा धाकटा भाऊ यंदा दहावीला आहे, आणि तो रोज सकाळी मैदानावर धावताना मला दिसतो.