बिनसनदेचा वकील : नामदार गोखले आणि तीन पौंडांचा कर

निपाणीहून कोल्हापूरकडे निघालेला प्रवासी यमगर्णीजवळ वेदगंगा व पुढे दूधगंगा ओलांडतो, तोच कागल गाव लागते. आज या दोन गावांच्या मध्ये दोन राज्यांची सीमा आहे. दीडशे वर्षांपूर्वी निपाणी ब्रिटिश मुलखातील बेळगाव जिल्ह्यात होती, तर कागल ही कोल्हापूर संस्थानातील घाटगे घराण्याची जहागीर होती. याच घराण्यातून शाहू छत्रपती कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु याच कागलच्या शाळेत कोकणातून आलेला एक मुलगा शिकून गेला आणि पुढे सातासमुद्रापलीकडे हिंदी जनतेचा वकील म्हणून उभा राहिला, याचे स्मरण आपल्या भागातही फारसे राहिलेले नाही. तो मुलगा म्हणजे नामदार गोपाळ कृष्ण गोखले.

गोखले यांची ओळख आपणांस समाजसेवक, अर्थशास्त्रज्ञ, कायदे कौन्सिलातील वक्ते व नेमस्त पक्षाचे धुरीण म्हणून आहे. या लेखात त्यांचा विचार एका निराळ्या अंगाने, म्हणजे मुत्सद्दी म्हणून करावयाचा आहे. मराठेशाहीत परदरबारी राहणाऱ्या वकिलाला मोठा मान असे. दिल्लीच्या दरबारातील हिंगणे घराण्याची वकिली प्रसिद्ध आहे. राज्य गेल्यावर ही परंपरा खुंटली. साताऱ्याच्या छत्रपतींची बाजू घेऊन रंगो बापूजी लंडनला वर्षानुवर्षे झगडले आणि रिकाम्या हाताने परतले. परतंत्र देशाला परमुलखात वकिलात नसते. अशा काळात हाती सनद नसताना एका शिक्षकाने केलेली वकिली, तीत त्याला आलेले यश आणि त्या यशात राहिलेली उणीव, हा आपला विषय आहे.

कागल ते कलकत्ता

गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव कागल जहागिरीत नोकरीस होते. कारकुनीपासून ते फौजदारीपर्यंत चढले. गोपाळरावांचे प्रारंभीचे शिक्षण कागलला झाले व पुढील शिक्षणासाठी ते कोल्हापूरला गेले. १८७९ साली वडील निवर्तले, तेव्हा गोपाळराव अवघे तेरा वर्षांचे होते. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडले आणि पंधरा रुपये दरमहाची नोकरी धरली. त्यांतले आठ रुपये ते कोल्हापूरला धाकट्या भावास धाडीत व उरलेल्या सात रुपयांत सर्व कुटुंबाचा गाडा ओढीत. हे पंधरा रुपये वाचकांनी ध्यानात ठेवावेत. पुढे त्यांचा संदर्भ यावयाचा आहे.

१८८४ साली गोखले बी. ए. झाले, पुण्यास शिक्षक झाले, डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाले आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या हाताखाली त्यांनी आकडे, अहवाल व अर्ज यांचे खडतर शिक्षण घेतले. १९०२ मध्ये ते कलकत्त्यास व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलात गेले. १९०५ मध्ये त्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली व त्याच वर्षी ते बनारसच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले. १९०९ च्या सुधारणांपूर्वी भारतमंत्री मोर्ले यांच्याशी त्यांनी लंडनमध्ये पुनःपुन्हा वाटाघाटी केल्या.

मुत्सद्दी या नात्याने त्यांची घडण मात्र एका अपयशातून झाली. १८९७ साली वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी ते विलायतेस गेले होते. साक्ष उत्तम झाली. त्याच सुमारास पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तात सोजिरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याची पत्रे त्यांना घरून आली. त्यांवर विसंबून त्यांनी इंग्रजी वृत्तपत्रात ते आरोप जाहीर केले. सरकारने पुरावा मागितला. पत्रे लिहिणारे स्नेही उघडपणे पुढे येण्यास तयार नव्हते आणि त्यांची नावे सांगणे गोखल्यांना विश्वासघात वाटला. मुंबईस परतल्यावर त्यांनी सरकारची बिनशर्त माफी मागितली. देशभर त्यांची निर्भर्त्सना झाली. शब्द उच्चारण्यापूर्वी त्याच्यामागे पुरावा हवा, हा धडा त्यांनी जन्मभर जपला. पुरावा मात्र आपल्याच नव्हे, समोरच्याच्या शब्दालाही लागतो, हा दुसरा धडा त्यांना पंधरा वर्षांनी मिळावयाचा होता.

गिरमिट आणि कर

१८६० पासून नाताळच्या उसाच्या मळ्यांवर व पुढे कोळशाच्या खाणींत काम करण्यासाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेले जात. ‘अ‍ॅग्रिमेंट’ या शब्दाचे मजुरांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाले. पाच वर्षांची मुदत संपली की मजूर मोकळा होई, थोडी जमीन करी, भाजी विकी, लहानसे दुकान थाटी. ते तेथील गोऱ्या व्यापाऱ्यांच्या डोळ्यांत खुपू लागले. १८९५ साली नाताळ सरकारने कायदा केला : गिरमिट संपल्यावर जो मायदेशी परतणार नाही व पुन्हा गिरमिटही करणार नाही, त्याने दरसाल तीन पौंड कर भरावा. मूळ मागणी पंचवीस पौंडांची होती; व्हाइसरॉय लॉर्ड एल्गिन यांनी तीन पौंडांस संमती दिली. म्हणजे या पापात हिंदुस्थान सरकारचाही वाटा होता. पुढे सोळा वर्षांवरील मुलगे व तेरा वर्षांवरील मुली यांनाही तो कर लागू झाला.

तीन पौंड म्हणजे त्या काळचे पंचेचाळीस रुपये. मजुराची मिळकत महिन्याला चौदा शिलिंगांच्या आसपास, म्हणजे सुमारे साडेदहा रुपये असे. चार महिन्यांहून अधिक काळाची कमाई एकट्याच्या करात जाई. नवरा, बायको व दोन मोठी मुले असतील तर कर बारा पौंडांवर जाई. तो भरणे अशक्यच होते. आता कागलचे पंधरा रुपये आठवावेत. गोविंदरावांच्या तीन महिन्यांच्या पगाराएवढा हा कर होता. पंधरा रुपयांत घर कसे चालते हे ज्याने लहानपणी पाहिले, त्याला पंचेचाळीस रुपयांचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

२५ फेब्रुवारी १९१० रोजी गोखल्यांनी व्हाइसरॉयच्या कौन्सिलात नाताळसाठी होणारी मजूरभरती बंद करण्याचा ठराव मांडला. सरकारने तो मानला आणि १ जुलै १९११ पासून नाताळची भरती थांबली. मार्च १९१२ मध्ये सर्वच वसाहतींची गिरमिट-भरती बंद करावी असा ठराव त्यांनी आणला. तो सरकारी मतांनी फेटाळला गेला. तेव्हा प्रश्न जेथे होता तेथेच जाऊन तो पाहावा, असे त्यांनी ठरविले.

सव्वीस दिवसांची वारी

२२ ऑक्टोबर १९१२ रोजी गोखले इंग्लंडहून केपटाउनच्या बंदरात उतरले. मोहनदास गांधी स्वागतास हजर होते. गोखल्यांपाशी कोणताही सरकारी अधिकार नव्हता. तरी भारतमंत्र्यांच्या संमतीने हा दौरा होत असल्यामुळे दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने त्यांना राज्याचे पाहुणे मानले व प्रवासासाठी रेल्वेचा खास डबा दिला. ज्या देशात हिंदी माणसाला पदपथावरूनही हुसकावले जाई, तेथे नगरपालिकांचे अध्यक्ष एका हिंदी माणसाचे स्वागत करीत होते. किंबर्ली, जोहान्सबर्ग, दरबान असा दौरा झाला. मधुमेहाने शरीर पोखरलेले असतानाही गोखले प्रत्येक भाषण आदल्या रात्री बारकाईने तयार करीत.

या दौऱ्यातील एक प्रसंग मराठी वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. जोहान्सबर्गच्या हिंदी लोकांत कोकणी मुसलमान व थोडे महाराष्ट्रीय हिंदू होते. नामदारांनी आपल्या भाषेत बोलावे अशी त्यांची फार इच्छा होती. गांधींनी सुचविले की आपण मराठीत बोला, मी हिंदुस्थानीत भाषांतर करीन. गांधींच्या मराठीच्या व हिंदीच्याही ज्ञानाविषयी गोखल्यांनी थट्टा केली. पण अखेर त्यांनी मानले. इंग्रजी वक्तृत्वासाठी गाजलेला हा पुरुष आफ्रिकेच्या भूमीवर मराठीत बोलला आणि गांधी त्याचे दुभाषे झाले. पुढे झांजीबारपर्यंत अशा सभांतून गांधींनी त्यांना मराठीतच बोलावयास लावले.

१४ नोव्हेंबर रोजी प्रिटोरियात पंतप्रधान जनरल बोथा, जनरल स्मट्स व मंत्री फिशर यांच्याशी गोखल्यांची भेट झाली. भेटीपूर्वी गांधींनी सर्व प्रश्नाचा इतिहास त्यांच्यासाठी लिहून काढला होता. गोखल्यांनी रात्री जागून तो पाठ केल्यासारखा आत्मसात केला. गांधी स्वतः भेटीस गेले नाहीत. आपल्या उपस्थितीने मंत्र्यांचे मन अधिक कडवट होईल, असे त्यांना वाटले. सुमारे दोन तास बोलणे झाले. बाहेर आल्यावर गोखल्यांनी गांधींना सांगितले, की सर्व ठरले आहे. काळा कायदा जाईल, वर्णभेदाचे कलम जाईल, तीन पौंडांचा कर जाईल. वर्षाच्या आत तुम्ही मायदेशी परतावे. गांधींनी शंका व्यक्त केली. या मंत्र्यांना आपण ओळखत नाही, मी ओळखतो, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. १७ नोव्हेंबरला गोखल्यांनी आफ्रिकेच्या त्या भागाचा निरोप घेतला.

दिलेला शब्द, मोडलेला शब्द

हिंदुस्थानात परतल्यावर गोखल्यांवर टीकाच झाली. दक्षिण आफ्रिकेत अनिर्बंध प्रवेशाचा हक्क त्यांनी मागितला नाही, असा टीकाकारांचा आक्षेप होता. जे पदरात पडण्याजोगे आहे ते पक्के करावे, ही त्यांची नीती होती. परंतु जे पक्के झाले असे त्यांना वाटले होते, तेच निसटले. १९१३ साली स्मट्स यांनी संसदेत सांगितले, की नाताळच्या गोऱ्या लोकांचा विरोध असल्याने कर रद्द करता येत नाही. असे वचन दिल्याचेही सरकारने नाकारले. लेखी करार झालेला नव्हता. वचनाची साक्ष म्हणून गोखल्यांचा शब्द तेवढा होता.

येथे एक मुत्सद्दी म्हणून गोखल्यांची चूक झाली, असे म्हणणे भाग आहे. १८९७ साली स्वतःच्या शब्दाला पुरावा नसल्याने त्यांनी मान खाली घातली. १९१२ साली दुसऱ्याच्या शब्दाचा पुरावा त्यांनी घेतला नाही. ते इंग्रजी राज्यपद्धतीचे विद्यार्थी होते. मंत्र्याचा शब्द हा त्यांना दस्तऐवजाइतकाच विश्वसनीय वाटला. मराठेशाहीतला मुरलेला वकील तहाच्या कलमांवर शिक्का उमटल्याखेरीज उठला नसता. पण शिक्का मागण्याचे बळ त्या वकिलामागे उभ्या असलेल्या फौजेचे असे. गोखल्यांच्या मागे काय होते?

त्याचे उत्तर नाताळच्या मजुरांनी दिले. तोपर्यंत सत्याग्रहाच्या मागण्यांत कराचा समावेश नव्हता. हिंदुस्थानच्या प्रतिनिधीला दिलेले वचन मोडले, हा साऱ्या देशाचा अपमान आहे, असे सांगून गांधींनी तो प्रश्न लढ्यात घेतला आणि आजवर दूर असलेले गिरमिटिये त्यात उतरले. ऑक्टोबर १९१३ मध्ये न्यूकॅसलच्या खाणींत संप झाला. ६ नोव्हेंबरला २,०३७ पुरुष, १२७ स्त्रिया व ५७ मुले सरहद्द ओलांडून ट्रान्सवालात शिरली. तुरुंग भरले, फटके बसले, गोळीबारही झाला.

इकडे आजारी गोखले गावोगाव फिरून निधी जमवीत होते, तारांमागून तारा पाठवीत होते. व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंज यांनी मद्रास येथे जाहीरपणे सत्याग्रहींविषयी सहानुभूती व्यक्त केली, ही त्या काळी अघटित गोष्ट होती. गोखल्यांच्या सांगण्यावरून अँड्र्यूज व पियर्सन आफ्रिकेस गेले. चौकशी समितीपुढे साक्ष द्यावी असे गोखल्यांचे मत होते. गांधींनी ते मानले नाही. मतभेद झाला, तरी गोखल्यांनी मदतीचा हात आखडला नाही. १९१४ च्या मध्यास कायदा होऊन तीन पौंडांचा कर रद्द झाला. प्रिटोरियाच्या बैठकीतले वचन अशा रीतीने वसूल झाले.

त्याच वर्षी सरकारने देऊ केलेला ‘सर’ हा किताब गोखल्यांनी नाकारला. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यास, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

उत्तरकथा

१९२७ साली हिंदुस्थान सरकारने दक्षिण आफ्रिकेत पहिला प्रतिनिधी नेमला. ते श्रीनिवास शास्त्री होते. भारत सेवक समाजाची धुरा गोखल्यांच्या मागे त्यांनीच वाहिली होती. पुढे त्याच पदाचे हायकमिशनर असे नामांतर झाले. वऱ्हाडचे रामराव देशमुख त्या पदावर असताना, १९४६ साली, वर्णद्वेषी कायद्याच्या निषेधार्थ हिंदुस्थानने त्यांना परत बोलावले. उभय देशांचे राजनैतिक संबंध जुळण्यास १९९३ साल उजाडावे लागले. शास्त्री व देशमुख यांच्यापाशी सनद होती. ती सनद लिहिली जाण्यापूर्वीची वकिली गोखल्यांनी केली होती.

आपल्या भागाशी या कथेचा धागा पुन्हा एकदा जुळला. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले. टिळकवाडीतील काँग्रेस विहीर त्याची साक्ष आजही देते. अध्यक्षस्थानी होते महात्मा गांधी, आणि गांधी गोखल्यांना आपले राजकीय गुरू म्हणत. प्रिटोरियात भेटीच्या दालनाबाहेर थांबलेला शिष्य येथे अध्यक्ष म्हणून बसला होता, आणि गुरूची कागलची शाळा बेळगावपासून एका दिवसाच्या प्रवासावरही नव्हती.

कागलला जाणाऱ्या-येणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. व्यापार, सोयरीक, यात्रा-जत्रा यांनिमित्ताने दूधगंगेचा पूल नित्य ओलांडला जातो. तो ओलांडताना पंधरा रुपयांच्या पगारातून आठ रुपये धाडणाऱ्या गोविंदरावांचे आणि त्या आठ रुपयांवर शिकून परमुलखातील मजुरांच्या पंचेचाळीस रुपयांसाठी झिजलेल्या गोपाळरावांचे स्मरण आपल्या पुढच्या पिढीला व्हावे, एवढ्याच हेतूने हा अल्प प्रयत्न.