माग मोडीत, माणूस कुठे? लँकेशायर, मुंबई आणि आपली सुरत

उधना, लिंबायत किंवा पांडेसऱ्यात पाळी सुटायच्या वेळी उभं राहिलं की कानावर अहिराणी पडते, उडिया पडते. जळगाव-धुळे-नंदुरबारची माणसं तापीच्या काठाने, भुसावळ लाइनच्या गाड्यांनी इथे आली. मी इथलाच, त्यामुळे हे रोजचंच. पण इथले माग कुठल्या गिरण्यांच्या पडझडीनंतर वाढले, हे शोधू लागलो तर वाट थेट इंग्लंडपर्यंत गेली.

तिची सुरुवातही सुरतेतच. 1613 मध्ये इंग्रजांची वखार इथे पडली. हिंदुस्थानी छापील कापड तिकडे इतकं खपायला लागलं, की 1700 आणि 1721 मध्ये पार्लमेंटने कायदे करून ते अडवलं. त्या आडोशाला लँकेशायरचा सुती धंदा वाढला आणि पुढे त्याच्याच कापडाने आपल्याकडचे हातमाग बसवले.

मग चाक उलटं फिरलं. 1958 मध्ये ब्रिटनची सुती कापडाची आयात निर्यातीपेक्षा जास्त झाली. त्यात भारताचं, हाँगकाँगचं कापड होतं. 1959 च्या कायद्याने सरकारने जुनी यंत्रं मोडायला पैसे दिले. मोडीच्या भरपाईतला दोन तृतीयांश वाटा सरकारचा, नव्या यंत्राच्या खर्चातला पाव हिस्साही सरकारचा. सुमारे 1 लाख माग भंगारात गेले. कामगारांची भरपाई मात्र उद्योगावरच्या पट्टीतून द्यायची ठरली. एवढं करूनही धंदा सावरला नाही.

मुंबईच्या गिरण्या 18 जानेवारी 1982 च्या संपाने बुडाल्या, असं आपण सर्रास म्हणतो. संपात सुमारे अडीच लाख कामगार होते, हे खरं. पण जमीन आधीच भुसभुशीत झाली होती. हातमाग वाचवायचा म्हणून 1950 च्या दशकापासून गिरण्यांना माग वाढवू दिले नाहीत, अबकारीही त्यांच्यावर जास्त. फायदा हातमागापेक्षा यंत्रमागाने उचलला: भिवंडीत, मालेगावात, इचलकरंजीत आणि कृत्रिम धाग्यासाठी सुरतेत.

1986 मध्ये केंद्राने बंद गिरण्यांच्या कामगारांसाठी पुनर्वसन निधी काढला. पहिल्या वर्षी पगाराच्या 75 टक्के, दुसऱ्या वर्षी 50, तिसऱ्या वर्षी 25. पण गिरणी कायमची बंद झाल्याचं कागदावर यावं लागे. नुसता भोंगा थांबून भागत नसे.

सुरतेत तर मस्टरचीच बोंब. विजेवरच्या कारखान्यात दहा माणसं झाली की 1948 चा कारखाना कायदा लागायचा. म्हणून एकाच शेडचे तीन-चार नावांनी तुकडे. मजुरी मीटरवर, पाळी बारा तासांची. आता धोट्याचे माग भंगारात जाऊन तिथे वॉटरजेट आणि रेपियर येतायत. 1999 मध्ये सुरू होऊन 2022 मध्ये संपलेल्या तंत्रसुधार योजनेतली सवलतही यंत्राच्या कर्जावरच होती. ज्याचं नाव कुठल्याच वहीत नाही, त्याला कुठला निधी मिळणार?

आपल्या मंडळाला म्हणूनच विनंती. वखारीवर, किल्ल्यावर आपण पुष्कळ लिहिलं. आता लिंबायत-उधन्यातल्या घरांत जाऊ. पगाराची चिठ्ठी, हजेरीकार्ड, हिशेबाची वही, जे सापडेल त्याचा फोटो घेऊन ठेवू. धोट्याच्या मागावर ज्यांची हयात गेली ती माणसं आता म्हातारी झालीत. त्यांच्याशी बोलायचं ते आत्ताच.