वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रनिर्मितीतील स्पर्श, श्रवण आणि रंगद्रव्य

वासुदेव संतू गायतोंडे (१९२४–२००१) यांच्याविषयीच्या लेखनात मौन, ध्यान आणि वैराग्य हे शब्द इतक्या वेळा आले आहेत की, त्यांचे चित्र हाताने आणि कष्टाने घडत होते ही साधी बाब मागे पडते. झेन विचार, रमण महर्षी व निसर्गदत्त महाराज यांच्याविषयीची त्यांची ओढ निर्विवाद आहे. तथापि कॅनव्हासवरील शांतता कशी सिद्ध होते, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

नागपूर येथे जन्मलेल्या गायतोंडे यांनी १९४८ मध्ये मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका घेतली. त्यांच्या आरंभीच्या मानवाकृतींवर भारतीय लघुचित्रांचा, आणि पुढे पॉल क्ले यांचा प्रभाव आढळतो. पुढील काळात त्यांचा स्टुडिओ भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये होता. याच वास्तूत रविशंकर यांची 'किन्नर' ही संगीतशाळा होती, इब्राहिम अल्काझी यांच्या नाटकांच्या तालमीही तेथे होत. भारतीय व पाश्चात्त्य अभिजात संगीताचे रसिक असलेल्या या चित्रकाराला असा शेजार लाभणे, हा आधुनिक मराठी कलेतिहासातील दुर्लक्षित दुवा म्हणावा लागेल.

खरी किमया मात्र द्रव्यात आहे. गायतोंडे रोलरने तैलरंगाचे पातळ थर चढवीत, पॅलेट नाइफने ते खरवडीत, कागदाच्या तुकड्यांच्या साहाय्याने पृष्ठभागावर रंगाचे ठसे उमटवीत. थर किती वाळला आहे, पाते किती दाबावे, कोणत्या क्षणी थांबावे, हे डोळ्याइतकेच बोटांना कळावे लागते. खालचा थर वरच्या थरातून झिरपू लागला की प्रकाश आतून येत असल्याचा भास होतो. या पृष्ठभागाला पोत आहे, ओल आहे, जणू वजनही आहे. छापील प्रतिकृतीत नेमके हेच हरवते. आपल्याकडील बहुसंख्य रसिकांनी गायतोंडे पाहिले ते मात्र प्रतिकृतींतूनच.

'अमूर्त' ही संज्ञा त्यांना मान्य नव्हती; आपली चित्रे वस्तुनिरपेक्ष आहेत, असे ते म्हणत. १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले, १९७२ मध्ये दिल्लीत स्थायिक झाले. वर्षाकाठी मोजकीच चित्रे पूर्ण होत. दीर्घ चिंतनाचे हे फळ होतेच. पण त्यामागे थर वाळण्याची वाट पाहण्याचा व्यवहारही होता, हे विसरता कामा नये.

१९८४ मधील अपघाताने शरीरच अधू झाले. मोठ्या कॅनव्हाससमोर उभे राहून रोलर चालविणे काही काळ अशक्य झाले. चिंतन पूर्वीचेच होते, हात पूर्वीचा राहिला नव्हता. त्यानंतरच्या वर्षांत त्यांनी लहान कागदांवर शाईने रेखाटने केली. त्यांत रंगाचे थर नाहीत. लिपीसारख्या भासणाऱ्या, कोणत्याही भाषेत न वाचता येणाऱ्या काळ्या खुणा तेवढ्या आहेत.