मीठ मागणारा मुलगा

गेले दोन दिवस एक मुलगा डोक्यातून जात नाहीये. तो गेला त्याला ऐंशीहून जास्त वर्षं झाली.

गोष्ट अमेरिकेतल्या बाल्टिमोरची. साडेतीन वर्षांचं पोर, वयात आल्याची लक्षणं भलतीच लवकर दिसायला लागली म्हणून जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलात आणलं. तिथे सगळ्या मुलांना मिळतं तेच जेवण त्यालाही मिळालं. सात दिवसांत तो गेला.

नंतर आई-वडिलांनी पत्रातून कळवलं, की वर्षाचा असल्यापासून तो खाऱ्या बिस्किटांवरचं मीठ चाटायचा. पुढे तर नुसतंच मीठ खायचा, नाही दिलं तर रडायचा. 'मीठ' हा त्याच्या अगदी पहिल्या शब्दांपैकी एक! लॉसन विल्किन्स आणि कर्ट रिक्टर यांनी १९४० साली ही हकिगत छापली.

त्याच्या ॲड्रिनल ग्रंथी बिघडलेल्या होत्या. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या या दोन ग्रंथी. त्या गेल्या की माणूस खंगून मरतो, हे लंडनच्या थॉमस ॲडिसनने १८५५ मध्येच लिहून ठेवलं होतं. पण का मरतो? आपली मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळतात आणि बहुतेक सगळं परत घेतात. त्यातलं शेवटचं थोडं मीठ राखायचं की सोडायचं, हे ॲड्रिनलमधलं अल्डोस्टेरॉन सांगतं. ते नसेल तर सोडियम लघवीवाटे जातं, त्यामागून पाणी जातं, रक्तदाब उतरतो. पोटॅशियम मात्र रक्तात साठतं आणि हृदयावर बेततं.

म्हणजे मूत्रपिंडं धडधाकट, पण त्यांना सांगणारं कोणी नाही.

रिक्टरने आधी उंदरांवर हेच पाहिलं होतं. ॲड्रिनल काढलेले उंदीर समोर ठेवलेलं मिठाचं पाणी आपणहून भरपूर पीत आणि तगून राहत. पोरानेही तेच केलं होतं की! डॉक्टरांच्या आधी, बोलता येण्याच्याही आधी, त्याने स्वतःचं औषध शोधलं होतं. घरात त्याला ते मिळत होतं. (ताटात मीठ आधी वाढायची आपली पद्धत मला उगीचच आठवली.)

अल्डोस्टेरॉन हाती लागलं १९५३ मध्ये, सिल्विया सिम्प्सन, जेम्स टेट आणि त्यांच्या स्विस सहकाऱ्यांना. आता त्याचं काम करणारी फ्लुड्रोकॉर्टिसोनची गोळी मिळते. तो मुलगा १९५३ साली कॉलेजात जायच्या वयाचा झाला असता.