ऑर्किडची कृत्रिम प्रकाशातील लागवड
आमर कुलातील शोभेच्या वनस्पती घरात विजेच्या दिव्यांखाली वाढविण्याची पद्धत. कोरड्या हवेच्या गावांत ती उपयोगी पडते; उदा., नीरा नदीकाठचे अकलूज (ता. माळशिरस, जि. सोलापूर) पर्जन्यछायेच्या प्रदेशात येते. उन्हाळ्यात येथील तापमान ४०° से.च्या वर जाते व हवा कोरडी असते. त्यामुळे दमट हवेत वाढणारी ऑर्किडे उघड्यावर टिकविणे अवघड असते. घरात प्रकाश, उष्णता व आर्द्रता आटोक्यात ठेवता येतात.

फॅलिनॉप्सिस ही प्रजाती नवशिक्यांना सोयीची असून तिला सु. १०,०००–१५,००० लक्स प्रकाश पुरतो. व्हँडा या प्रजातीला बराच जास्त लागतो. पांढरे एलईडी दिवे पानांच्या सु. ३० सेंमी. वर टांगून रोज १२–१४ तास लावतात. रात्रीचा अंधार आवश्यक असतो, कारण फॅलिनॉप्सिस कार्बन डाय-ऑक्साइड मुख्यतः रात्री शोषून घेते. पाने गर्द हिरवी व लांबट झाल्यास प्रकाश अपुरा, पिवळट वा लालसर झाल्यास जास्त समजतात. आर्द्रता ५०–७० टक्के ठेवून मंद पंख्याने हवा खेळती राखतात. मातीऐवजी झाडाची साल, कोळसा व नारळाच्या सोडणाचे तुकडे वापरतात. काही आठवडे तापमान २५° से.च्या खाली राहिल्यास फॅलिनॉप्सिसला फुलांचा दांडा येतो. त्यासाठी हिवाळ्यातील थंड रात्री उपयोगी पडतात.